भाऊजींचं अर्धं पातेलं

तवा आमी चौघं व्हतो. मी, माजी लेक सुमन, टेंपोवाला बाळू आन् माजं धाकटं दीर नामदेव भाऊजी. सांगलीत विश्रामबागला माजी खानावळ हाय, तिथलीच ही गोष्ट.

भाऊजी जलमभर मालाच्या बोटीवर भंडारी, म्हंजी सैपाकी. नोकरी सरल्यावर माज्याकडंच आलं. जेवायचं ते वट्ट्यापाशी उभ्यानंच, पाय फाकून, ताट घट्ट धरून. मी म्हणायची, "आवं भाऊजी, बसा की खाली. सांगली काय हालती व्हय?"

"वैनी, ताट सोडलं की गेलं," म्हणायचं आन् हसायचं.

आल्या आल्या त्येनी माज्या शेगडीला चारी अंगानं लोखंडी दांड्या लावून घेतल्या, पातेलं घसरू नये म्हणून. बोटीवर तसंच असतंय म्हणं. तिथं जाळ न्हाई, विजेच्या तव्यावर शिजवायचं. आन् पातेलं अर्धंच भरायचं. "काठोकाठ भरंल त्यो पाय भाजून घील," म्हणायचं, आन् सोताच्या पायावरचा डाग दावायचं.

सुमन चिडवायची, "काका, आज लाटा कुठवर आल्यात?"

"तुज्या आमटीला मीठ घालाय नको, एवढ्या!"

माजं मालक वारल्यावर मी लोकाच्या घरी भाकऱ्या थापल्या. रडाय सवड नव्हती. त्यातनं ही खानावळ उभी राह्यली. तिला पैल्यांदाच लग्नाची आर्डर आली, जतकडची. तिकडं पाणी टँकरचं, म्हणून सैपाक हितनंच न्यायचा. वाट सगळी खड्ड्यांची. वाटंत आमटी सांडली आन् पंगतीला कमी पडली, तर परत कोण बोलावतंय?

मी पातेली काठोकाठ भरली. भाऊजी निम्मी उपसाय लागलं. मी त्येंच्या हातातली पळी धरली.

"शुभकार्याच्या घरात अर्धं भांडं नेत न्हाईत, भाऊजी. नवरीची आई काय म्हणंल?"

"आन् रिकामं नेल्यावर काय म्हणंल?"

बाळू बाहीरनं वरडला, "आवं, तिकडं अक्षदा पडतील की!"

भाऊजींनी पळी सोडली. मंग म्हनलं, "मांडवात अर्धं न्यायचं न्हाई ना? मांडवाबाहीर भरू की!"

शेजारणींची पातेली मागून आणली, समदी अर्धी भरली. खाली ओली पोती, भवतीनं दोर. भाऊजी टेंपोत आमटीपाशी उभं. खड्डा आला की वरडायचं, "लाट आली, सुमे, झाकण धर!" पोरगी हसून हसून बेजार. पोत्यावर पळीभर सांडली आसंल, जास्त न्हाई. मांडवाबाहीर दोन पातेल्यांचं एक केलं. आत गेली ती काठोकाठ भरलेली.

समदी जेवल्यावर नवरीच्या आईनं भाऊजींना पाटावर बसवून सोता वाढलं. भाऊजी मांडी घालून जेवलं, पन डावा हात ताटावरनं काय हालला न्हाई. माज्याकडं बघून म्हनलं, "भुई हालत न्हाई, वैनी. तरी पन."

त्या लग्नापासनं आर्डरी येतच राह्यल्या. भाऊजी यंदा झोपेतच गेलं, कुणाला तरास दिला न्हाई. दांड्या शेगडीला हायत, सुमन काढू देत न्हाई.

वाचणाऱ्याला माजं एवढंच सांगणं. तुमच्या घरचं कुणी बोटीवर सैपाकाला आसंल, तर ते घरी आल्यावर त्येला खाली बसवून वाढा. ताट धरून बसलं तर हसू नका.