एकाच आडनावाची वही

“आमचाच तो,” म्हणत ते कात्री काढायचे. पेपरात त्यांच्या आडनावाचा कुणीही दिसू दे, शंभर वर्षांपूर्वी लढाईत पडलेला शिपाई असो की काल निवडून आलेला मंत्री, कात्री चाललीच म्हणून समजा. नातं काय, असं विचारलं तर म्हणायचे, “आडनाव एक आहे ना? झालं तर.”

कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कच्या आमच्या ऑफिसात ते टपाल वाटायचे. आडनाव स्कॉटिश, ‘मॅक’ने सुरू होणारं, म्हणून सगळे त्यांना मॅक म्हणत. मी मनात मॅकआजोबा म्हणायची. त्यांच्या जाडजूड वहीत डावीकडे सैनिक, उजवीकडे पुढारी. “उजवीकडचे पाठवतात, डावीकडचे जातात,” असं सांगून स्वतःच खो खो हसायचे. पहिल्या पानावर मात्र एकच फोटो होता, नातवाचा, गणवेशातला. त्याची तुकडी तेव्हा कंदाहारला होती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं आडनाव विचारलं आणि माझं डोकं फिरलं. आमच्या नागपुरात आडनाव कशासाठी विचारतात, ते तुम्हाला काय सांगायचं! मी तुटकपणे सांगितलं. त्यावर यांचा प्रश्न काय, तर तुमच्यात सैनिक किती? माझे आजोबा फौजेत होते म्हटल्याबरोबर त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं, वर माझं आडनाव घातलं आणि खाली आजोबांचं नाव लिहून घेतलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. तेव्हापासून सकाळचा चहा आम्ही बरोबर घ्यायचो.

अशाच एका चहाला लंचरूममध्ये आम्ही दोघंच होतो. बाहेर बर्फ पडत होता. टीव्हीचा आवाज बंद, खाली बातम्यांची पट्टी तेवढी सरकत होती. कंदाहारमध्ये कॅनडाचा सैनिक ठार, अशी बातमी होती. आमचं लक्ष गेलं तोवर त्याचं नाव पुढे निघून गेलं होतं, मागे आडनाव उरलं होतं. त्यांचं.

त्यांनी फोन काढला. सुनेचा फोन एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. पट्टीवर हॉकीचे निकाल सुरू झाले आणि मेले संपेचनात. मग बर्फाचा इशारा, मग शेअर बाजार. मी त्यांचा हात धरला होता, की त्यांनी माझा, आता आठवत नाही.

पट्टी फिरून आली. नाव दुसरंच होतं.

“आमचा नव्हे,” ते म्हणाले. “देवाची कृपा. आमचा नव्हे.”

मीही हुश्श केलं, खोटं कशाला बोलू? आम्ही चक्क हसलो. आणि मग हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. कितीतरी वेळ टेबलावरचा एकच डाग बोटाने पुसत बसले.

“मी काय बोललो, ऐकलंस ना?”



दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा फोटो पेपरात आला, पण कात्री निघाली नाही. पुढे रजा टाकून ते एकटेच गाडी चालवत त्याच्या गावी अंत्यविधीला जाऊन आले. वही पुन्हा ऑफिसात दिसली नाही. बर्फ वितळायच्या सुमाराला रिटायरही झाले.

नातू सुखरूप परतला. दोनेक वर्षांनी तोच वही घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. आजोबा गेले, म्हणाला. शेवटच्या पानावर तुमचं आडनाव आहे म्हणून वही तुम्हाला द्यायला सांगून गेले. मग त्याने पहिलं पान उघडून दाखवलं. त्याचा फोटो काढून तिथे दुसऱ्याच एका मुलाचा फोटो लावला होता. पेपरातला, नीट कापलेला.

“याचं आणि आमचं काहीच नातं नाही,” तो म्हणाला. “मग इथे का लावला असेल?”

त्या सकाळच्या चहाचं मी त्याला सांगितलं नाही.

“आडनाव एक आहे ना?” मी म्हटलं. “झालं तर.”