कच्चा रोडगा

यवतमाळच्या नव्या गल्लीत राहायला आलो आणि ओळख व्हावी म्हणून मीच छाती फुगवून जाहीर केलं, "रविवारी अख्ख्या गल्लीचे रोडगे मी भाजतो!" रविवारी दुपारी सगळे शेजारी पत्रावळी घेऊन बसले आणि मी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरलेल्या कणकेच्या गोळ्यांपुढे घामाघूम. आत काय चाललंय ते बाहेरून कळतं थोडंच! बिघडलं तर 'कच्चा रोडगा' हे नाव जन्मभर चिकटणार, या धास्तीनं मी सारखा निखारे चाळवत होतो.

"भाऊ, पोट्टे भुकेनं रडून राह्यले ना!" समोरच्या काकू ओरडल्या.

नाटकातल्या राजासारखा मी पहिला रोडगा उचलला, राख झटकली आणि फोडला. आत ओली, पांढरीफटक कणीक! शेजारचे मेकॅनिक चाचा वाकून म्हणाले, "अरे भाऊ, हा तं अजून झोपूनच हाये!"

गल्ली खदखदून हसली. रोडगे परत निखाऱ्यात गेले. तोवर काकूंनी चिवडा आणला, चाचांनी चहा, आणि गप्पा रंगल्या. रोडगे खरपूस होईपर्यंत मला सगळ्यांची नावं पाठ झाली. माझं नाव मात्र कुणी विचारलंच नाही. ते मघाशीच पडलं होतं.