शिकागो ते दिल्ली

देव ऐन वेळी कुठे जातो, हा प्रश्न मी त्या विमानात बसून त्यालाच विचारत होते, आणि तोही चांगलाच रागाने.

नागपूरला आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया शुक्रवारी सकाळी ठरली होती. "तुला बघितल्याशिवाय मी आत जाणार नाही," असं तिने फोनवर बजावलं होतं. शिकागो ते दिल्ली बारा हजार किलोमीटर, प्रवास पंधरा तासांचा. गुरुवारी दुपारी निघायचं म्हणजे शुक्रवारी पहाटे दिल्ली, मग नागपूर, असं मी तिला सांगून टाकलं. तिकीट नवऱ्याने काढलं, मी वेळ पाहिलीही नाही. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या ऑफिसातून रोज पुण्याच्या टीमशी वेळ जुळवून कॉल लावणारी मी, घाबरून भारताचं घड्याळ पुढे असतं हेच विसरले. विमान उडाल्यावर समोरच्या पडद्यावर नकाशा आला आणि त्याखाली दिल्लीला उतरण्याची वेळ : शुक्रवार दुपार. म्हणजे मी हवेत असतानाच आईला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं जाणार होतं. मला रडू आवरेना.

शेजारी सांगलीच्या एक काकू होत्या. सुनेचं बाळंतपण उरकून एकट्याच परत निघालेल्या, इंग्रजीचा गंध नाही, पण चेहऱ्यावर काळजीचा लवलेशही नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी देवळातून आणलेली खडीसाखर पुढे केली.

"नको काकू, तिकडे आई उपाशी आहे."

"प्रसादाला नाही म्हणू नये, बाळा. आणि तो नकाशा बंद कर बघू. तू बघत बसलीस म्हणून विमान काय पळणार आहे?"

मी खडीसाखर तोंडात टाकली, नकाशा बंद केला. काकू माझा हात धरून सगळी वाट नामस्मरण करत राहिल्या. हळूहळू मीही करू लागले. इतका शांत माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

दिल्लीत उतरताच भावाला फोन लावला. तो संतापलेला होता. "अगं, ऑपरेशन झालंच नाही! शेजारच्या पेशंटने गणपतीचा पेढा दिला, आईने खाल्ला. उपाशीपोटी राहायचं होतं ना! डॉक्टर जाम भडकले, उद्यावर ढकललं."

मी तिथेच सामानाच्या पट्ट्याजवळ हसत-रडत बसले. रात्री नागपूरला पोहोचल्यावर आईला विचारलं, मुद्दाम खाल्लास का? ती खरोखर चकित झाली. "प्रसादाला कसं गं नाही म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी माझा चेहरा डोळे भरून पाहून ती आत गेली आणि सुखरूप बाहेर आली. हे कुणी घडवलं, याचा हिशेब मी मांडत नाही. माझं गणित चुकलं तिथे कुणीतरी सांभाळून घेतलं, एवढं मला कळतं, आणि त्यापुढे मी हात जोडते.

शिकागोला परतताना शेजारी एक मुलगी नकाशाकडे डोळे लावून रडत होती. मी पर्समधून खडीसाखर काढून तिच्यापुढे धरली. ती नको म्हणाली. मी हात मागे घेतला नाही.