शेळी, मेंढी, म्हैस, रेक्झिन: एका बॅगेसाठी बारामती ते इंदापूर

“आरं, माझ्या धोतराला डांबर कुणी फासलं?”

बारामतीच्या एसटी स्टँडात गाडी शिरत असतानाच ही आरोळी उठली. आवाज असा की ड्रायव्हरनं फलाटाच्या वीस हात अलीकडेच ब्रेक मारला, आणि शेजारच्या दोन गाड्यांतले प्रवासी आपलंच गाव आलं असं समजून खाली उतरले. ओरडणारे कुणी एक तात्या खिडकीशी बसले होते, त्यांच्या शेजारी माझी बायको रत्नमाला, आणि दोघांच्या मध्ये तिची काळी बॅग. पुण्यापासून तीन तास ती बॅग तात्यांच्या मांडीला घासत आली होती. उन्हानं आणि घामानं तिचे पोपडे सुटले होते आणि तात्यांच्या परीटघडीच्या धोतरावर असे चिकटले होते, जणू लाखभर मुंगळे सभेला जमलेत.

“लेदर आहे हो तात्या,” मी धीर दिला. “इटलीचं.”

तात्यांनी नखानं एक पोपडा खरवडला आणि उजेडात धरला. “ह्ये लेदर आसंल तर मी कलेक्टर हाय.”

सगळी गाडी हसली. रत्नमाला हसली नाही. तिनं रुमालानं तात्यांचं धोतर जमेल तेवढं झटकलं, दोनदा माफी मागितली आणि खाली उतरली.

ती बॅग दोन वर्षांपूर्वी मी तिला वाढदिवसाला दिली होती. तेव्हा मी तिला सांगितलं होतं की इटलीत लोण्यावर वाढवलेल्या तीन वासरांचं हे कातडं आहे, आणि एका जहाजाच्या कप्तानानं माझ्यावरच्या लोभापायी ते सोडलं. वाचकांपासून काय लपवायचं? ती मी फुटपाथवर घेतली होती. कप्तान नव्हता. पाऊस होता, आणि विकणाऱ्याला घरी जायची घाई होती.

फलाटावर उभी राहून रत्नमाला म्हणाली, “सोमवारी मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू होतेय. पंचवीस वर्षं झोळ्या आणि रेक्झिन वागवलं. आता एक चांगली बॅग घेणार आहे, माझी मी. सगळ्या शाळेसमोर माझ्या साडीवर पोपडे नकोत.”

“मग मी आहे ना! डोळे बांधून नुसत्या वासानं चामडं ओळखतो मी.”

“ओळखा. उद्या इंदापुरात बॅग करणाऱ्याकडे जाणारच आहोत. ओळखलंत तर बॅग तुम्ही निवडा. चुकलात तर मी निवडीन, आणि यापुढे घरात कुठल्याही वस्तूवर तुमचं भाषण होणार नाही.”

माझी भाषणं बंद झाली तर माझ्यात उरतं काय? फार तर पाऊण माणूस. मी पैज घेतली.

इंदापूरला जायच्या आधी बारामतीतलं एक मोठं दुकान पाहून घेऊ, असं ठरलं. दुकान इतकं थंड होतं की माझ्या मिशीवर दव धरलं. विक्रेत्या ताईंनी एक तकतकीत लाल बॅग काढली, लायटर पेटवून ज्योत बॅगेवरून फिरवली आणि म्हणाल्या, “बघा सर, जळत नाही. जेन्युइन लेदर.”

मी टाळी वाजवली. रत्नमालानं बॅग उलटी करून कड पाहिली. कडेला रंगाचा जाड थर होता. “हा कातड्याचा वरचा पदर आहे की खालचा?” तिनं विचारलं.

ताईंनी लायटर खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, “खालचा, मॅडम. कातडं जाड असतं, त्याचे पदर सोडवतात. वरचा मजबूत, तो वेगळ्या मालाला जातो. हा खालचा. त्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवून छाप मारलाय. लेदर आहे, खोटं नाही. पण कोपरे लवकर जातात.”

“आभारी आहे,” रत्नमाला म्हणाली. “खरं सांगितलंत.” हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

बारामतीहून इंदापूरची गाडी धरली. पिंपळी मागं पडलं की दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती सुरू होतात. तोडणीचे दिवस होते. समोरच्या ट्रॅक्टरनं ओढलेल्या दोन ट्रॉल्यांत एवढा ऊस होता की सूर्य त्याच्यामागं मावळला आणि ट्रॅक्टर बाजूला झाल्यावर पुन्हा उगवला. लासुर्ण्याला उतरलो. इथं रत्नमालाच्या आत्या राहतात, पारूआत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढं, गोठ्यात दोन म्हशी.

“जय भीम, आत्या!” मी कोपऱ्यावरूनच ओरडलो.

“जय भीम. जावईबापू, आवाज बारीक करा. म्हस बुजती.”

आत्या धार काढायला बसल्या होत्या. रत्नमालानं बॅगेचा विषय काढला तशा त्यांनी म्हशीच्या बरगडीवरचं कातडं चिमटीत धरून ओढलं आणि सोडलं. “हात लाव हितं. पातळ आन् मऊ, सुटं सुटं. आसं आसलं तर दूध चांगलं. जाड, चिकाटलेलं आसलं तर नुसता कडबा खाती. बाजारात आमी शिंगं न्हाय बघत, कातडं बघतो.”

“आत्या, बॅग घ्यायची आहे, म्हैस नाही,” मी म्हणालो.

“बॅग काय आभाळातनं पडती व्हय?”

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी आणि कोरड्यास (भाकरीबरोबरचं कालवण) होतं. कोरड्यास इतकं तिखट की पहिल्या घासाला मला माझे पणजोबा दिसले. जेवण झाल्यावर हात धुवायच्या निमित्तानं मी परसात गेलो आणि इंदापूरच्या मुश्ताकभाईंना फोन लावला. बॅग करणारे ते हेच. पुण्यातली दोन दुकानं त्यांचा माल उचलतात. मी त्यांना सांगितलं की उद्या टेबलावर चार तुकडे ठेवा, डावीकडून शेळी, मेंढी, म्हैस, रेक्झिन. याच क्रमानं.

“ठेवतो,” मुश्ताकभाई म्हणाले. “पण मला कुणी इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाय.”

“कुणी विचारणार नाही!” मी म्हणालो. माझा कुजबुजता आवाज साधारण पलीकडच्या वालचंदनगरपर्यंत जातो, पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

सकाळी आत्याही निघाल्या. निमगाव केतकीजवळ पानमळ्यांचा हिरवा गारवा लागला. मी रस्ताभर घोकत होतो: शे, में, म्है, रे. शेजारच्या बाईंना वाटलं मी जप करतोय; त्यांनी सरकून जागा दिली.

इंदापुरात मुश्ताकभाईंचं काम एका पत्र्याच्या लांबट खोलीत चालतं. दोन शिलाई मशिनं, भिंतीला टांगलेली कातडी, आणि कमावलेल्या चामड्याचा तो गोडसर, तेलकट वास. माणूस साठीचा, शांत, हातात रापी (चामडं कापायची रुंद पात्याची सुरी). टेबलावर चार तुकडे मांडलेले होते. मी डोळा मारला. त्यांनी मारला नाही.

आधी त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. शेळीचं कातडं हलकं, बारीक दाण्याचं, चिवट. पण लहान, म्हणून मोठ्या बॅगेला जोड द्यावे लागतात. मेंढीचं सगळ्यात मऊ, गालाला लावावं असं. पण नख लागलं की फाटतं, ओझ्यानं लोंबतं. म्हशीचं जाड, दाणा मोठा, वजनाला जड, आणि माणसाला पुरून उरणारं.

“हिरड्यात आन् बाभळीच्या सालीत कमावलं तर कडक राहतं, वापरून वापरून रंग गडद होतो,” ते म्हणाले. “रसायनात कमावलं की मऊ पडतं, पाण्याला जास्त टिकतं. वाईट कुठलंच न्हाय. तुमी काय वागवणार, त्यावर हाय.”

“वह्या, डबा, पाण्याची बाटली, शाळेच्या किल्ल्या,” रत्नमाला म्हणाली.

मुश्ताकभाईंनी म्हशीचं एक अखंड कातडं आत्यांपुढं पसरलं. आत्यांनी हात पुढं केला आणि मध्येच थांबवला.

“आमचा आज्या मेलेली जनावरं वढायचा,” त्या म्हणाल्या. “गावाचं काम म्हणून. छप्पन्न साली सोडलं. तवापासनं आमच्या घरात मेल्या कातड्याला हात न्हाय लावला कुणी.”

“मग बॅग नको का, मावशी?” मुश्ताकभाईंनी विचारलं.

“नको कशाला? हिनं घ्यावी की. काम सोडलं ते फुकट राबवायचे म्हणून, वर शिवत न्हवते म्हणून. कातड्यानं आमचं काय वाकडं केलंय?” आणि त्यांनी हात टेकवला. चिमूट धरली, सोडली, अंगठ्यानं दाबलं. “ही पाठ. हिकडं पोट, ढिलं हाय बघ. पट्टा पाठीचा घे रत्ने, पोटाचा वढला जातो.”

“बरोबर,” मुश्ताकभाई म्हणाले आणि आत्यांना खुर्ची दिली. मी काही बोललो नाही. माझ्या हयातीतला हा मोठाच प्रसंग.

मग माझी पाळी. मुश्ताकभाईंनी माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. टेबलाशी बांगड्या वाजल्या. आत्या तुकडे चाचपत असाव्यात. मी घसा साफ केला आणि डावीकडचा पहिला तुकडा नाकाशी नेला.

“अहाहा! शेळी!” मी सुरू केलं. “माणदेशाकडची. काळी, एका कानाला पांढरा ठिपका. बोरीचा पाला खाल्लेली, स्वभावानं जरा हट्टी. डोंगर चढून चढून कातडं कसं चिवट झालंय, वाहवा!”



“जावईबापू,” आत्या म्हणाल्या, “ह्या शेळीला पाठीमागनं कापड लावलंय.”

मी बोट फिरवलं. कापड होतं. पण फोनवर ठरलेलं ते ठरलेलं. मी दुसरा तुकडा उचलला. हाताला पायताणाच्या तळव्यासारखा जाड लागला. “मेंढी,” मी म्हणालो. “वयानं थोडी मोठी असेल.”

मुश्ताकभाई खोकले. त्यांचा खोकला बराच वेळ चालला. मी टॉवेल काढला तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. आत्या मात्र उघड हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. उरलेले दोन तुकडे ओळखायला मला कुणी सांगितलं नाही.

रत्नमालानं बॅग निवडायला अर्धा तास घेतला. शेवटी दोन समोर राहिल्या. एक काळी, आरशासारखी. हिच्यात पाहून दाढी करावी. दुसरी तपकिरी, निस्तेज, आणि तिच्या दर्शनी बाजूला गोचिडाचे दोन बारीक ठिपके आणि एक लांब ओरखडा.

“काळी घे!” मी म्हणालो. “डाग नाही एक.”

“डाग न्हाय कारण वरची साय घासून काढलीय आन् रंग मारलाय,” मुश्ताकभाई म्हणाले. “दोन्ही म्हशीच्याच. ही तपकिरी घासलेली न्हाय. काटेरी तार लागली आसंल म्हशीला, तशीच ठेवली.”

रत्नमालानं दोन्हींवर अंगठा दाबला. काळीवर नुसता खळगा पडला आणि भरून आला. तपकिरीवर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या उमटल्या, हाताच्या मागच्या बाजूला उमटतात तशा. तिनं खांद्याला लावून आरशात पाहिलं, मग आत पाण्याची भरलेली बाटली आणि दोन जाड रजिस्टरं घालून खोलीत चार फेऱ्या मारल्या. पट्टा पाठीचाच आहे ना, हे आत्यांनी दोनदा चिमटून पाहिलं.

“ओरखडा दिसतोय पण,” मी शेवटचा प्रयत्न केला.

“दिसू दे,” रत्नमाला म्हणाली. “हीच.”

“चांगलं झालं,” मुश्ताकभाई म्हणाले. “नवी बॅग घेतली की माणूस पहिल्या ओरखड्याला भितो. तुमाला पहिला आयता मिळाला.”

जुन्या बॅगेतलं सामान तिनं तिथंच नव्या बॅगेत भरलं आणि जुनी बॅग माझ्या हातात दिली. मी ती कचऱ्याच्या पिंपात टाकली. माझ्या तळहातावर इटली राहिली. ती साबणानं तिसऱ्या धुण्याला निघाली.

दुपारी तिघांनी उजनीच्या पाण्यातली तळलेली चिलापी (इकडचा काटेरी पण चवदार मासा) खाल्ली. माझ्या ताटातला मासा एवढा होता की डोकं इंदापुरात आणि शेपूट करमाळ्यात. आत्यांना लासुर्ण्याच्या गाडीत बसवलं. खिडकीतून त्या बॅगेवर हात फिरवून म्हणाल्या, “तेलाचं बोट लावत जा अधनंमधनं. आन् ह्यांना शिवू देऊ नको.”

मग आम्ही पुण्याची गाडी धरली. भिगवणपर्यंत मी गप्प होतो, आणि उजव्या हाताला उजनीचं पाणी सरत असताना रत्नमालाला हे विचित्र वाटलं असावं, कारण तिनं एकदा माझं कपाळ चाचपलं. दोन दिवसांत तीन अनोळखी माणसांनी आम्हाला चामड्याबद्दल जे आहे ते सांगितलं होतं: तात्यांनी ओरडून, दुकानातल्या ताईंनी हळूच, मुश्ताकभाईंनी रापी न थांबवता. तिघांपैकी कुणालाही कप्तान लागला नव्हता.

“एक सांगायचंय,” मी म्हणालो. “ती जुनी बॅग फुटपाथवरची होती. आणि कालचा फोन मी मुश्ताकभाईंना केला होता. तुकड्यांचा क्रम ठरवायला.”

तिनं नव्या बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

“आत्यांनी ते चाचपताना खालीवर केले, नाही तर मी चारही बरोबर सांगितले असते.”

“आत्यानं नाही,” ती म्हणाली. “मी हलवले.”