पद्माबाईंची शाल

"काळेराव, खाली या. पद्मा गेली," अंबुजाबाई फोनवर म्हणाल्या. "येताना हात धुऊन या." चेन्नईत वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर, त्या मायलेकी पहिल्या. इस्पितळातून बातमी नुकतीच आलेली, आणि नव्वदी ओलांडलेली आई मला हात धुवायला सांगत होती. मी मुकाट्यानं धुतले. त्या घरात न धुतल्या हातांनी शिरायची कोणाची छाती नव्हती.

डॉ. पद्मा राव आतड्यातल्या जंतूंच्या विषावर संशोधन करायच्या आणि त्याच विषानं गेल्या. शोकसभेत याला नियतीचा क्रूर खेळ वगैरे म्हटलं गेलं. पद्माबाईंचा नियतीवर विश्वास नव्हता. आधी नमुना तपासा, म्हणाल्या असत्या.

मी रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेलो, त्यांना श्रोता हवा असायचा. सांबाराची भाजी चिरता चिरता त्या अशा हकिकती सांगत की ऐकणाऱ्याची भूक मरावी. आतड्यात कोट्यवधी साधे जंतू नांदत असतात. प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू झाल्या की त्या वस्तीची कत्तल होते, आणि ओसाड वस्तीत एखादी मवाली जात शिरते. "ते विष भिंत फोडत नाही, काळे," शेवग्याची शेंग कडाकड मोडत त्या एकदा म्हणाल्या. "पेशीच्या आत जातं आणि वासे-तुळया सांभाळणाऱ्या मुकादमांच्याच मुसक्या बांधतं. छप्पर खाली बसतं. मग शेजारची पेशी, मग तिच्या शेजारची."

"पोलीस येत नाहीत का?"

"येतात ना! खरी दंगल तेच करतात. पेशीत एक पहारेकरी असतो. त्याला विष ओळखू येत नाही, बांधलेला मुकादम तेवढा दिसतो. तो बोंब ठोकतो, पांढऱ्या पेशींच्या फौजा घुसतात आणि दिसेल त्यावर जाळणारी रसायनं ओततात. जंतू राहतो बाजूला, मरतात घरचेच. तुम्ही याला सूज म्हणता. काय सौम्य शब्द शोधलाय!"

या सगळ्यातून त्यांनी इमारतीसाठी दोन कायदे काढले होते. पहिला साबण-पाण्याचा, कारण या जंतूची बीजं इस्पितळात हाताला चोळतात त्या गार जेलला दाद देत नाहीत. दुसरा, प्रतिजैविकानंतर पोट बिघडलं तर जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही, आधी तपासणी. "विष बाहेर पडतंय, तर तुम्ही दार लावून त्याला आत कोंडता?" असं त्यांनी आमच्या वॉचमनपासून निवृत्त कर्नलपर्यंत सगळ्यांना झापलं होतं.

सत्कार त्यांनी जन्मभर टाळले. यंदा मात्र एका मंडळानं थेट अंबुजाबाईंना गाठलं. लेक डॉक्टर, पण बघते काय, तर लोकांची शी, हे त्या माउलीचं जुनं दुःख. तिला एकदा पोन्नाडै, म्हणजे इथली मानाची जरीची शाल, लेकीच्या खांद्यावर पाहायची होती. पद्माबाई हो म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्यांची दाढ काढलेली, प्रतिजैविक चालू. सभागृहाकडे जाताना रिक्षात त्यांनी पर्समधून एक गोळी काढून गिळली. कसली ते मी ओळखलं.

"अहो, तुमचा कायदा?"

"कालच्या चटणीनं झालंय. आणि अम्मा पहिल्या रांगेत बसणार आहे, काळे. मी मधेच उठून पळू?"

अध्यक्षांचं भाषण संपेना. पद्माबाईंच्या विषयाचा उल्लेख त्यांनी 'उदरशास्त्र' असा केला. चेन्नईच्या उकाड्यात त्या जाड शालीखाली बाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता... अंबुजाबाई टाळ्या वाजवत होत्या.

त्यानंतरचं सगळं त्या शेंगा मोडताना सांगायच्या तसंच झालं. पोट नगाऱ्यासारखं ताणलं, ताप चढला, हात लावला तरी किंचाळत. मोठं आतडं कापून काढावं लागलं. जळक्या गोधडीसारखं हातात येत होतं, असं सर्जन म्हणाले. तोवर दंगल रक्तात पोचली होती. गोळीनंच झालं असं म्हणता येणार नाही, हेही सर्जननीच सांगितलं. शस्त्रक्रियेआधी पद्माबाईंनी माझं मनगट नखं रुतेपर्यंत धरलं. "गोळीचं अम्माला सांगू नका. शालीपायी गेली म्हणेल."

मी सांगितलं नाही. तेराव्यानंतर एके दिवशी अंबुजाबाईंनी विचारलं, "ती स्टेजवर एवढा वेळ बसली कशी हो?" (त्यांची तंजावरी मराठी मला लिहिता येत नाही, आपल्या वळणानं देतो.) मी जंतू किती जहाल होता ते सांगू लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गोळ्यांचं पाकीट तिच्या पर्समध्ये होतं, काळेराव. मला अजून वाचता येतं."

मग त्या उठल्या, कपाटातून शाल काढली, जमिनीवर पसरली आणि शिवणाची मोठी कात्री तिच्यात घातली. जरीपाशी कात्री अडली, तेव्हा दोन्ही हातांनी दाबून, दात आवळून त्यांनी ती पार केली. मला मदत करू दिली नाही. बघता बघता शालीचे चौकोनी तुकडे झाले.

गेल्या आठवड्यात अध्यक्ष भेटायला आले. दारातच मोठ्या आवाजात शोक सुरू केला, तसं अंबुजाबाईंनी बोट दाखवलं. "आधी हात." बेसिनवर पिवळी साबणवडी होती, शेजारी खिळ्याला एक चौकोनी तुकडा. रोज उकळत्या पाण्यात घालून जरीची कड काळवंडलेली. अध्यक्षांनी हात पुसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "छान पाणी टिपतं हो."

"तुमचीच आहे," अंबुजाबाई म्हणाल्या. "बोटांच्या मधेही पुसा."