जाताना टोचून घ्या

मी नंदुरबार जिल्ह्यात खापरला बी-बियाणं आणि खतांचं दुकान चालवतो. हंगामात ठरवून दिलेला माल खपवला की कंपन्या आम्हा दुकानदारांना फिरायला नेतात. आधी गोवा झालं, मग बँकॉक, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने केनिया काढलं. ऑगस्टचे दिवस होते. पेरण्या आटोपलेल्या, खताची दुसरी मात्राही शेतात गेलेली. आमच्या धंद्यात जरा श्वास घ्यायला वेळ मिळतो तो तेव्हाच.

निघण्याच्या महिनाभर आधी कंपनीने सगळ्यांना नंदुरबारच्या एका हॉटेलात जेवायला बोलावलं. कंपनीचा एक तरुण अधिकारी कागद घेऊन माहिती सांगायला उभा राहिला, पण त्याला कोणी पाच वाक्यंही बोलू दिलं नाही. पहिल्या रांगेतून दोघं-तिघं म्हणाले, शेठना बोलू द्या. शेठ उठले आणि त्यांनी त्याच्या हातातून माइक घेतला.

शेठ म्हणजे शहाद्याचे ठोक विक्रेते. आमच्यातल्या निम्म्या लोकांना माल त्यांच्याच गोदामातून येतो, त्यामुळे त्यांचं बोलणं आम्ही नेहमीच लक्ष देऊन ऐकतो. कंपन्यांच्या खर्चाने ते आठ-दहा देशांत जाऊन आले आहेत. त्या देशांबद्दल त्यांना विचारलं तर कुठे गुजराती थाळी मिळते आणि कुठे मिळत नाही एवढं सांगता येतं. इतक्या ठिकाणी जाऊन इतकं कमी पाहिलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. आणि सल्ला देण्याची हौस म्हणाल तर ती मात्र दांडगी.

त्या दिवशी त्यांनी अर्धा तास सल्ला दिला. केनिया हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. आफ्रिका, आफ्रिका असंच चाललं होतं, जणू शिरपूरच्या पुढचं एखादं गाव. आफ्रिका म्हणजे भट्टी, तेव्हा पातळ सुती कपडे घ्या. दशम्या, शेव, शेंगदाण्याची चटणी पाच दिवस पुरेल इतकी बांधा, तिथलं काही तोंडात घालू नका. रस्त्यावर कोणाशी बोलू नका. हॉटेलातल्या पोरांना टीप देऊ नका, सवय लागते. पासपोर्टचा फोटो मोबाइलात काढून ठेवा. हा शेवटचा सल्ला बरोबर होता, तेवढं मी मान्य करतो.

मग कोणीतरी पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लसीचं विचारलं. कंपनीने आमच्या ग्रुपवर स्पष्ट मराठीत लिहून टाकलं होतं: ही लस आपल्या जिल्ह्यात मिळत नाही, मुंबईला ठरावीक ठिकाणी आधी नाव लावून घ्यावी लागते, आणि परतीच्या दिवशी लस घेऊन दहा दिवस झालेले नसतील तर मुंबई विमानतळावर अडवतात. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. तो तरुण अधिकारीही तेच सांगू लागला होता. शेठनी त्याच्याकडे हात हलवला, गायीवरची माशी हाकलावी तसा.

"दुकान बंद करीसन दोनदा मुंबईले कसाले जातस भो?" शेठ म्हणाले. "जावाना येळे एक दिन आगोदर टोची ल्या. दहा दिन नि बिन, ते कागदवर ऱ्हास. मी इतला देश फिरनू, माले कोनीच इचारं नही."

लोक हसले. एका फेरीत दोन कामं होतात म्हटल्यावर सगळ्यांना बरंच वाटलं.

माझ्या शेजारी तळोद्याचा माझा मित्र बसला होता. आम्ही दोघं एकाच वर्षी धंद्यात आलो, एकमेकांच्या सुखदुःखाला उभे राहिलो. त्याच्या मोठ्या मुलीचं लग्न नुकतंच जमलं होतं आणि साखरपुडा आम्ही परतल्यावर दोन दिवसांनी ठरला होता. जेवण झाल्यावर मी त्याला म्हटलं की पुढच्या आठवड्यात मी लस घ्यायला मुंबईला जातोय, तूही चल. तो म्हणाला, बघू. तीन-चार दिवसांनी मी मुद्दाम तळोद्याला गेलो, मोबाइलवरचा मेसेज त्याच्यापुढे धरला. त्याने तो वाचला, चहा मागवला आणि म्हणाला की शेठ इतक्या वेळा जाऊन आलेत, त्यांना काही कळत नसेल का. घरात साखरपुड्याची गडबड आहे, मंडप सांगायचाय, मुंबईला दोन खेपा कुठे मारू. मी आणखी एकदा सांगून पाहिलं. मग मी एकटाच सुरतेमार्गे गेलो, दिवसभर रांगेत बसलो, टोचून आलो. आमच्यातले बहुतेक जण असेच नंतर गुपचूप जाऊन आले, पण शेठसमोर कोणी ते बोललं नाही. मित्र आणि आणखी दोघं मात्र शेठच्या सल्ल्यावर राहिले आणि विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत टोचून घेतलं.

नैरोबीला उतरलो तर बाहेर ढग, बारीक पाऊस आणि थंडी. ते शहर उंचावर आहे, आणि आपल्याकडचा ऑगस्ट म्हणजे त्यांचा थंडीचा महिना. कंपनीच्या मेसेजमध्ये स्वेटर घ्या असंही लिहिलेलं होतं. पातळ सुती शर्टांतली आमची मंडळी विमानतळाबाहेर काखेत हात घालून उभी होती. शेठ कुडकुडत म्हणाले की या वर्षी हवामान बिघडलेलं दिसतंय.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. सकाळी हॉटेलात चांगला नाश्ता मांडलेला असे. आमचे लोक तिथल्या रिकाम्या बशा घेऊन खोलीत जात आणि दशम्यांची पुडकी सोडत. जंगल पाहायला गाडीतून नेलं तर सिंह दिसेपर्यंत पत्ते चालले होते, आणि सिंह दिसल्यावर त्याच्याकडे पाठ करून फोटो. शेठ वेटरला बोटांनी टिचकी वाजवून बोलवत, वर मराठीत "ए काळ्या" म्हणत. त्याला कळत नाही म्हणून. ही टिचकी मला ओळखीची होती. शहाद्याला त्यांच्या दुकानात सातपुड्यातला पावरा आदिवासी शेतकरी मक्याचं बियाणं घ्यायला आला की त्याच्यासाठीही हीच वाजते.

एक दुपार मात्र चांगली गेली. मित्र आणि मी जेवणाच्या वेळी गटातून निसटलो आणि आमच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर एका साध्या खानावळीत गेलो. ड्रायव्हर घरी एक भाषा बोलायचा, बाजारात स्वाहिली आणि आमच्याशी इंग्रजी. मला त्यात काही नवल वाटलं नाही. मी घरी अहिराणी बोलतो, सागबाऱ्याकडच्या गिऱ्हाइकाशी गुजराती, डोंगरातल्या माणसाशी मोडकंतोडकं भिली, आणि मराठी कृषी खात्याचा साहेब आला की. खानावळीत चहाला चाय म्हणत होते, चपातीला चपाती, गाडीला गारी, दुकानाला डुका. ताटात मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि कसल्याशा पालेभाजीची परतलेली भाजी. मित्राने हाताने गोळा मोडला, भाजीला लावून खाल्ला आणि म्हणाला, आपल्याकडे डोंगरात असंच करतात, फक्त इथे मीठ कमी आहे. मग त्याने ड्रायव्हरला मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवला. ड्रायव्हरने त्याच्या मुलींचे दाखवले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी बराच वेळ बोलणं चाललं होतं. हॉटेलवर परतलो तेव्हा शेठनी विचारलं, कुठे गेला होतात. सांगितल्यावर म्हणाले, पोट बिघडेल. पोट शेठचंच बिघडलं, शिळ्या दशम्यांनी.

परत मुंबईला सकाळी उतरलो. पासपोर्टच्या रांगेआधी आरोग्य खात्याचं टेबल होतं आणि तिथे एक डॉक्टर बाई प्रत्येकाचं लसीचं पिवळं कार्ड पाहत होत्या. माझं पाहिलं, परत दिलं. मित्राचं पाहिलं, तारीख बोटांवर मोजली आणि त्याला बाजूला उभं केलं. मागून आलेल्या त्या दोघांनाही. मित्राला वाटलं काही सही राहिली असेल. बाईंनी शांतपणे सांगितलं की लस घेऊन दहा दिवस झालेले नाहीत, तेवढे होईपर्यंत, म्हणजे अजून चार दिवस, तुम्हाला विलगीकरणात राहावं लागेल, गाडी येते आहे. दुसरा काही मार्ग नाही का, असं त्याने दोनदा विचारलं. मग साखरपुड्याचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की त्यांच्या हातात काही नाही, नियम सगळ्यांना सारखा आहे.

एवढ्यात शेठ आले. त्यांनी आपलं कार्ड पुढे केलं, आणि तेव्हा मला कळलं. कार्ड जुनं होतं. कितीतरी वर्षांपूर्वी ते टांझानियाला गेले होते तेव्हाचं. ही लस एकदा घेतली की जन्मभर चालते. यांना कोणी कधी विचारलं नाही, याचं कारण एवढंच. आपण स्वतः रीतसर, वेळेवर टोचून घेतलं होतं हे त्या माणसाला नंदुरबारच्या हॉटेलात माइक धरून बोलताना आठवलं नव्हतं, किंवा आठवूनही सांगावंसं वाटलं नव्हतं. यातलं कुठलं वाईट ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

"मी बोलस साहेबसंगे," असं म्हणून शेठ टेबलाकडे गेले. डॉक्टर बाईंनी त्यांना रेषेच्या मागे उभं राहायला सांगितलं. ते मागे आले, घड्याळात पाहिलं, बाहेर ट्रॅव्हल्स थांबली आहे असं म्हणाले आणि बॅगांच्या पट्ट्याकडे चालू लागले. त्या तिघांकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी गाडी येईपर्यंत थांबलो. मित्राने त्याची एक बॅग माझ्याकडे दिली, त्यात मुलीसाठी घेतलेली मण्यांची माळ आणि बायकोसाठी चहाची पाकिटं होती. ती घरी पोचव म्हणाला. ट्रॅव्हल्समध्ये चढलो तेव्हा शेठ पुढच्या सीटवर पांघरूण घेऊन झोपलेले होते, आणि साक्रीपर्यंत झोपलेलेच होते.

साखरपुडा झाला. पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली, मुलाकडच्यांनी रजा काढलेल्या, पुढे ढकलणं शक्य नव्हतं. वडिलांच्या जागी मुलीचे काका बसले. मित्राच्या धाकट्या मुलाने मोबाइल उंच धरला होता आणि त्यात तिकडच्या खाटेवर बसलेला त्याचा बाप दिसत होता. त्याने स्वच्छ शर्ट घातला होता, केस विंचरले होते. मुलीला कुंकू लावलं तेव्हा चित्र अडकलं, आणि पुन्हा सुरू झालं तोवर पेढे वाटून चालले होते. तिची आई स्वयंपाकघरात जाऊन बसली. मुलीसाठीची ती माळ मी आईकडेच दिली. तिने ती हातात घेतली, पाहिली नाही.

मित्र सुटून आल्यावर मी तळोद्याला गेलो. मला वाटलं होतं की तो शेठबद्दल काहीतरी बोलेल. तो बियाण्यांच्या पिशव्या लावत होता. मीच विषय काढला, की त्यांना एकदा तोंडावर विचारायला हवं. तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "त्यासले काय बोलू? मन्हा निम्मा माल त्यासनाकडथीन येस." आणि पिशवी रचता रचता म्हणाला की चूक त्याची स्वतःचीच, त्याने मेसेज नीट वाचायला हवा होता. शेठचा राग मला होताच. त्या दिवशी पहिल्यांदा मित्राबद्दलही तसंच काहीसं वाटलं, आणि ते वाटलं याचं वाईटही वाटलं.

तुळशीचं लग्न उरकल्यावर मुलीचं लग्न लागलं. वरण-बट्टीचा बेत होता. शेठ पुढच्या सोफ्यावर बसले होते, टोपी-टॉवेल देऊन त्यांचा सत्कार झाला होता, आणि नवऱ्या मुलाच्या वडिलांना ते परदेश प्रवास कसा करावा हे सांगत होते. मी मागे उभा होतो. बोलता बोलता विमानतळाची गोष्ट निघाली. तिघं अडकले होते, शेठ सांगत होते, पण मी मोठ्या डॉक्टरांशी बोललो, म्हणून लवकर सुटले, नाहीतर पंधरा दिवस गेले असते. नवऱ्या मुलाचे वडील कौतुकाने मान हलवत होते. मित्र पाहुण्यांना पाणी विचारत तिथेच उभा होता.

मी म्हणालो, "शेठ, तेव्हा तर तुम्ही ट्रॅव्हल्समध्ये झोपलेले होतात."

मी आवाज चढवला नव्हता. शेठ हसले, म्हणाले की यांना लांबच्या प्रवासाची सवय नाही, डोकं चालत नाही अशा वेळी, आणि पुढे दुबईचं सांगू लागले. मित्राने माझ्या दंडाला धरलं, पंगत बसतेय चल म्हणाला, आणि मला मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. त्याचा चेहरा उतरला होता. माझ्यामुळे, शेठमुळे नाही. मी दोन बट्ट्या खाल्ल्या आणि निघालो.

त्यानंतर त्याचं येणं कमी झालं. फोनही सणासुदीला. या वर्षी कंपनीने व्हिएतनाम काढलं आहे. मी नाव दिलेलं नाही, त्याने दिलं आहे. परवा दुपारी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, मुलगी सासरी बरी आहे म्हणाला, आणि मग विचारलं की व्हिएतनामला काही टोचून घ्यावं लागतं का. मी सांगितलं की पीतज्वराची लस त्या देशासाठी लागत नाही, पण व्हिसाचं आधी कर, पासपोर्टची मुदत सहा महिने पुढची असू दे, आणि कंपनीचा मेसेज दोनदा वाच. तो हो हो म्हणाला. मग म्हणाला, "शेठले बी इचारी लेस एकदाव."

विचार, म्हटलं आणि फोन ठेवला. डोंगरातून, मोलगीकडून आलेली दोन माणसं केव्हाची मक्याचं बियाणं मागत उभी होती.