ओळखीचं गेट

ड्युटीमावशीला नोकरी नव्हती आणि तरी तिने एकही दिवस ड्युटी चुकवली नाही. सकाळी आमच्या टेमघरच्या गल्लीतलं नळाचं पाणी जायच्या सुमारास तिच्या दाराची कडी वाजायची. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली. कुणी विचारलं, "मावशी, कुठं?" की उत्तर ठरलेलं, "ड्युटीला." कोणाच्या ड्युटीला, हा पुढचा प्रश्न असायचा. कारण मावशी नेहमी दुसऱ्याच्या ड्युटीला निघायची, आणि ती ड्युटी त्या दुसऱ्याला अजून लागलेलीच नसायची.

नात्याने ती माझी कोणी नव्हती, पण गल्लीत ती सगळ्यांचीच मावशी होती. तरुणपणी तिने लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या, नंतर औषधांच्या गोडाऊनमध्ये पॅकिंग केलं, गुडघे बोलायला लागले तेव्हा घरी बसली. म्हणजे बसली नाहीच. नवरा लवकर गेलेला, मुलगा पुण्याला. गल्लीत कुणाला नोकरी हवी असली की मावशी त्याला हाताशी धरायची आणि कुठल्यातरी गेटवर नेऊन उभी करायची. याची फी एवढीच की तिच्या डब्यातली भेंडी खावी लागायची. सोमवार असो की शनिवार, डब्यात भेंडीच.

माझी पाळी आली तेव्हा मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते. बसले होते म्हणजे मोबाइलवर अर्ज टाकत होते. अर्ज जायचे आणि कुठे गडप व्हायचे कोण जाणे. बाबा टेम्पो चालवायचे, पण शुगरमुळे त्यांची नजर उतरत चालली होती, आणि काकांनी शहापूरकडचं एक स्थळ आणलं होतं. मला ते नको होतं. बाबांनाही फारसं नको होतं. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुला नोकरी लागू दे, मी भावाला सरळ नाही म्हणतो. पण कशाच्या तरी जोरावर म्हणायला पायजे ना." एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं, तर गेटवरच्या माणसाने विचारलं, "अंदर कोई पहचान का है?" मी म्हटलं, "नाही." तो नुसता बघत राहिला आणि मी, मुलाखतीचा निरोप मोबाइलमध्ये असताना, तशीच घरी परतले. त्या संध्याकाळी मावशी आमच्याकडे येऊन बसली.

"तू मागायला जातेस, बाय," ती म्हणाली. "मागनाऱ्याचं गेटवरच कळतं का हा परका हाय. आपून मागायचं न्हाय. ड्युटीला जायाचं. मागायचं ते मागून."

तिची पद्धत अशी. पहिल्यांदा गेट ठरवायचं, एकच. मोबाइलवर हवे तेवढे अर्ज टाका, तिची हरकत नसे, पण पाय एकाच गेटवर. गेट निवडायला तिने मला काल्हेरच्या रस्त्यावर संध्याकाळी बसवलं आणि सुटणाऱ्या शिफ्टी बघायला लावल्या. "जिथल्या बाया बोलत बाहेर पडतात ते धर. जिथल्या गपगप निघतात तिथं पगार जास्ती असंल तरी नको." घरगुती सामानाचं एक मोठं गोडाऊन ठरलं. मग रोज सकाळी कामाचे कपडे घालून, डबा घेऊन, शिफ्टच्या वेळेला शेअर रिक्षाने तिथे हजर व्हायचं आणि समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभं राहायचं. वॉचमनशी आपण होऊन बोलायचं नाही. सावली कुठे, पाणी कुठे, कुठल्या बायका एकत्र येतात, साहेबाची गाडी कुठली, हे बघायचं. आतल्यांची जेवणाची सुट्टी झाली की आपणही बाकड्यावर डबा उघडायचा.

मला लाज वाटायची. पहिल्या दिवशी तर ओळखीचं कुणी दिसेल म्हणून मी ओढणी तोंडावर घेतली. मावशीने ती खाली ओढली. "त्वांड दाखवायलाच आलोय ना आपून," ती म्हणाली.

तिचा दुसरा नियम त्याहून विचित्र होता. ती म्हणायची, "जागा कंदी रिकामी नसते. कोनीतरी उठून गेलेलं असतं, न्हाय तर उठनार असतं. ते कोन, त्याचं नाव काय, तो काय करायचा, ह्ये आदी इचार." टपरीवर चहा पिता पिता तिनेच काढून घेतलं, की इनवर्डला, म्हणजे आलेल्या मालाची कॉम्प्युटरवर नोंद करायला, सविता म्हणून मुलगी बसते, तिचं लग्न ठरलंय आणि ती महिनाअखेरीला नाशिकला जाणार. त्या दिवसापासून मावशी मला रोज विचारायची, "सविता आज काय करत असंल?" मी घरी बसून इनवर्डचं काम शिकले, एक्सेल पक्कं केलं, आणि जिला कधी पाहिलं नव्हतं तिचा दिवस मला पाठ झाला.

हे सगळं तिच्या डोक्यात कुठून आलं, ते तिने त्याच बाकड्यावर सांगितलं. नवी नवरी असताना ती पहिल्यांदा लूमच्या कारखान्यात गेली. दारातल्या माणसाने दरडावून विचारलं, "कौन है तू?" तिने तोंड उघडलं आणि तिला स्वतःचं नाव आठवेना. "लोकं हसली. माज्या जिभंवर नावच यीना, बाय. घरी ग्येले. दुसऱ्या दिवशी लांब उभी ऱ्हायले, तिसऱ्या दिवशी जवळ. त्याला माजी सवय झाली तवा आत ग्येले. तवापासून ठरवलं, कुठं बी जाईन तर आदी उभी ऱ्हाऊन जाईन. तू कोन, असं मला कोनी इचारलं न्हाय पायजे." हे सांगताना ती हसत होती, पण डब्याचं झाकण तिने घट्ट धरलं होतं.

मग तो रविवार. मी आईबरोबर अकलोलीला मामीकडे गेले होते. दिवसभर गरम पाण्याच्या कुंडावर पाय सोडून बसलो, जेवलो, संध्याकाळी परतलो. सोमवारी गेटवर पोचले तर इतके दिवस तोंड न उघडलेला वॉचमन आपण होऊन बोलला.

"कल क्यों आयी थी तू? मैंने बोला था ना, आज छुट्टी है."

मी म्हटलं, मी आलेच नव्हते.

"अरे, इधर ही तो खड़ी थी," त्याने टपरीकडे बोट दाखवलं. "मैंने बोला तो हाथ हिला के चली गयी."

मी मावशीकडे बघितलं. ती अजिबात चकित झाली नव्हती. उलट मुलीचा निकाल लागल्यासारखा तिचा चेहरा उजळला होता. "झालं," ती म्हणाली. "आता तू लागलीस."

"मावशी, मी अकलोलीला होते."

"तुला यावं लागलं न्हाय, ह्येच तर पायजे."

आमच्या घरात भूत, भानामती, अंगात येणं यांना बाबांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मीही तशीच वाढले. मी स्वतःला समजावलं, की दिवसाला शेकडो माणसं बघणारा म्हातारा, त्याने एका मुलीच्या जागी दुसरी मोजली. हे पटण्यासारखं होतं आणि मला पटलंही. पण त्या दिवशी टपरीकडे पाठ करून उभं राहायला मला जमलं नाही.

महिनाअखेरीला वॉचमननेच आत वर्दी दिली. सुपरवायझर बाई कागदातून मान वर करून म्हणाल्या, "काय गं, सुट्टीवर होतीस का?" मग त्या स्वतःच गोंधळल्या, हसल्या आणि रीतसर प्रश्न विचारले. इनवर्डचं काय येतं, विचारलं. मी सविताचा सगळा दिवस सांगितला. नोकरी लागली. पहिल्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी डबा घेऊन घुटमळत होते, तर एक बाई सरकून म्हणाली, "उभी काय? तू तं खिडकीपाशी बसतेस ना न्हेमी." मी खिडकीपाशी बसले. स्टूल गरम होतं, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं. बाबांनी काकांना फोन करून नाही म्हटलं, आणि त्या रात्री आमच्याकडे मटण झालं. मावशीला ताट नेऊन दिलं तर म्हणाली, "खिडकीपाशी का? बरी जागा हाय."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मावशी आमच्या गेटवर एकदाही आली नाही. बोलावलं तर म्हणायची, "माजं काय काम? तू हायस ना तिथं." ती दुसऱ्यांना घेऊन दुसऱ्या गेटांवर जात राहिली. सगळ्यांचं जमलं असं नाही. कुणी लाजून सोडायचं, कुणाला ऊन सोसायचं नाही, एका मुलीला तर तिसऱ्याच दिवशी वॉचमनने हाकललं. पण ज्यांचं जमलं त्यांच्यापैकी कुणी गेटवरच्या त्या गोष्टीबद्दल बोलत नसे. मी एकदोघींना विचारलं. त्यांनी विषय बदलला.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी रिक्षातून तिला बघितलं. नदीकडच्या स्मशानभूमीच्या गेटसमोर, लिंबाच्या सावलीत, पिशवी खांद्याला लावून ती उभी होती. बरोबर कुणीच नव्हतं. मी रिक्षा थांबवून उतरले.

"मावशी, इथं कोणाची नोकरी?"

"कोनाची न्हाय. जागा बघून ठेवते."

मी तिचा दंड धरून म्हटलं, "घरी चल. आपल्यात असलं काही मानत नाहीत."

"मानते कुठं? ड्युटी करते." तिने मला खाली पारावर बसवलं आणि डबा उघडला. आत एक माणूस पाइपने झाडांना पाणी घालत होता. मी त्याच्याकडे बघायला लागले तर तिने मला कोपराने ढोसलं. "बघू नको. अजून बोलला न्हाय. चांगला मानूस हाय, घाई करत न्हाय." आम्ही दोघींनी तिथे बसून भेंडी-चपाती खाल्ली. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता. ती मात्र पाण्याचा नळ कुठे, दुपारी सावली कुठवर येते, हे मला काल्हेरच्या त्याच सुरात दाखवत होती.

मी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने छान आहेत. मुलाला फोन केला, तो म्हणाला येतो, आणि खरंच येऊन दोन दिवस राहून गेला. मावशीचं जाणं काही थांबलं नाही. मग एकदा तिचे गुडघे सुजले आणि आईने तिला दिवसभर आमच्याच घरी निजवून ठेवलं. मला सुट्टी होती, मी तिच्या उशाशी होते. ती उंबऱ्याबाहेर गेली नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. दुसऱ्या दिवशी ती लंगडत गेली आणि संध्याकाळी आमच्या दारात येऊन टेकली. चेहरा उजळलेला.

"आज बोलला तो."

"काय?"

"म्हनला, मावशी, काल येऊन बसल्या आनि बोलल्या न्हाईत."

तिने डबा धुवायला आईकडे दिला आणि उद्या भेंडी मिळेल का बाजारात, असं विचारलं.

त्याच आठवड्यात दुपारची झोपली ती उठली नाही.

आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत तिच्याबरोबर गेलो. आमच्यात बायकाही जातात. मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं. आधी गेटपाशी टेबलावरच्या कारकुनाने मुलाला विचारलं होतं, "मयत कोण? नाव सांगा." मुलगा रडून थकलेला. त्याने तोंड उघडलं आणि त्याला आईचं नाव आठवेना. कारकून त्याच्याकडे बघत होता, आम्ही सगळे बघत होतो, आणि मला त्या क्षणी लूमच्या दारातली ती नवी नवरी दिसली. मी नाव सांगायला पुढे होणार तोच पाइपवाला माणूस मागून आला.

"यांना काय इचारता, साहेब," तो म्हणाला. "ह्या इथल्याच हायत."

कारकुनाने मान हलवली आणि आम्हांला आत सोडलं. मी तेव्हा जी रडले ती दुःखाने रडले असं मला म्हणता येत नाही. कोणीही तिला, तू कोण, असं विचारलं नाही.

आता मी रिक्षावाल्याला दुसऱ्या रस्त्याने घ्यायला सांगते. काही मानते म्हणून नाही, तो रस्ता जरा मोकळा असतो म्हणून. त्या गेटकडे मी परत फिरकलेले नाही. पण परवा सकाळी ड्युटीला निघाले तर भाजीबाजाराच्या तोंडाशी तो पाइपवाला माणूस भेटला. ओळखीचं हसला.

"ताई, काल मावशींच्या संगती बसलात, पन जाताना सांगून न्हाय गेलात."

काल मी दिवसभर इनवर्डला होते. तसं त्याला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. मला भीती वाटायला हवी होती आणि ती वाटलीही, पण तिच्याआधी मनात आलं ते हे, की मावशी तिथे एकटी जेवत नाही.

"डब्यात काय होतं?" मी विचारलं.

"भेंडी," तो म्हणाला. "दुसरं काय असनार."

रिक्षा भरत आली होती. मी त्याला हात हलवला आणि ड्युटीला गेले.